सही कुणाची?

पोस्टातल्या बाकावर बसलेल्या आम्हां आर.डी. एजंट बायकांच्या पदव्या एकत्र केल्या, तर एखादं छोटं कॉलेज चालेल. एक एलएल.बी. आहे, एक बी.फार्म., एक हिंदीची एम.ए. बी.एड., आणि मी सांख्यिकीची एम.एस्सी. मांडीवर पासबुकांचे गठ्ठे, हातात लॉटची यादी, आणि काउंटरमागून ठरलेलं वाक्य, ‘सर्व्हर डाउन आहे, बसा जरा.’ मग आम्ही बसतो. इचलकरंजीत अशा बसण्यात माझी बरीच वर्षं गेली.

या कामाची माहिती सगळ्यांनाच असते असं नाही. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना हे त्याचं भारदस्त नाव. १९७२ साली ती सुरू झाली. एजन्सी फक्त बायकांना मिळते. घरोघर जाऊन पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्त ठेवीचे, म्हणजे आर.डी.चे हप्ते गोळा करायचे, ग्राहकाच्या कार्डावर पावतीची सही द्यायची, पोर्टलवर खात्यांची यादी, म्हणजे लॉट, करायची आणि पैसे पोस्टात भरायचे. कमिशन चार टक्के. पाचशेच्या हप्त्याला वीस रुपये. २०११ साली श्यामला गोपीनाथ समितीच्या अहवालानंतर पी.पी.एफ.चं एजंटांचं कमिशन बंद झालं, बचतपत्रांचं एक टक्क्यावरून अर्ध्यावर आलं. आर.डी.चे चार टक्के तेवढे वाचले. त्या चार टक्क्यांवर आमच्या गल्लीतल्या दोन मुली इंजिनिअर झाल्या आहेत, तेव्हा त्याला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही.

पण मी इथं पोचले ती सरळ वाटेनं नाही.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाले, सेट झाले, लग्न होऊन इचलकरंजीत आले. सकाळी सातच्या आत मुलांचे डबे, सासऱ्यांचं पथ्यपाणी, दुपारी दोनला शाळा सुटायची. मधल्या वेळात बसेल असं काम म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं. सगळे त्याला सीएचबी म्हणतात. एका महाविद्यालयात ते मिळालं. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा, नेमणूक पावसाळ्यात, काम मार्चअखेर संपतं, मे महिन्यात तुम्ही कुणीच नसता. मानधन कधी तीन महिन्यांनी, कधी वर्षाचं एकदम. २०१८ साली राज्य सरकारनं पदवीच्या तासाचा दर वाढवून ५०० रुपये केला, तेव्हा आमच्यात पेढे वाटले गेले. पुढच्याच वर्षी यूजीसीनं अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपयांपर्यंत द्यावेत असं सुचवलं, ते पत्र आम्ही मोबाइलवर एकमेकींना पाठवलं आणि पुन्हा पाचशेच्या तासाला गेलो.

पैशाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला डाचायचं ते वेगळंच. नऊ तासांत मी शिकवायची ते कायम प्रथम वर्षाचं: मध्य, मध्यक, बहुलक. तिसऱ्या वर्षाचा संभाव्यतेचा पेपर रिकामा असायचा, शिकवायला पूर्णवेळ माणूस नाही म्हणून कसातरी उरकला जायचा, मी मागितला, तर विभागप्रमुख अगदी प्रेमानं म्हणाले, “मॅडम, तो पेपर जबाबदारीचा आहे. तुमचं पुढच्या वर्षी नक्की काय, ते कुठं ठरलंय?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुढच्या वर्षीचं माझं काही ठरू नये अशीच तर ती नेमणूक होती. अभ्यासक्रमाच्या बैठकीची सूचना स्टाफरूममध्ये फिरायची, तिच्यावर सह्या व्हायच्या आणि ती मला वळसा घालून पुढं जायची. मी तिथं शिकवत होते, पण कागदोपत्री मी कशाचीच साक्षीदार नव्हते.

नंतर काही महिने एका सूतगिरणीत अर्धा दिवस गेले. तिथल्या प्रयोगशाळेत ‘संगणकावर आकडे भरायला’ कुणीतरी हवं होतं. हे काम माझ्या जिवाभावाचं असेल हे त्यांना माहीत नव्हतं. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. रॅपिंग रीलवर १२० यार्डांची ली गुंडाळतात, वजन करतात, काउंट काढतात. दर पाळीला, दर रिंग फ्रेमचा. हे आकडे ज्या तक्त्यावर मांडतात तो नियंत्रण तक्ता १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्टनं तयार केला. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्याला १९४७-४८ मध्ये भारतात बोलावून घेतलं होतं. आपल्याकडच्या कारखान्यांत संख्याशास्त्र शिरलं त्यात त्या भेटीचा मोठा हात. एम.एस्सी.ला मी या विषयात पहिली आले होते. आणि आता तेच तक्ते माझ्यासमोर भिंतीवर लटकत होते. पिवळे पडलेले. वरची मर्यादा, खालची मर्यादा, मधली रेघ. आणि मर्यादा कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेल्या, मधल्या काळात यंत्रं बदलली तरी त्याच.

एका रिंग फ्रेमचे सलग आठ बिंदू मधल्या रेघेच्या वर पडले होते. मर्यादेच्या आत, पण वरच. नाणं सलग आठ वेळा छापच पडावं याची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणजे यंत्र सरकलंय, अजून कुणाला दिसत नाहीये एवढंच. मी नोंदवही घेऊन लॅबच्या साहेबांकडं गेले. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, मनानं चांगला माणूस. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, मान डोलावली, आणि म्हणाले, “खरं आहे तुमचं. पण मॅडम, हे लेखी द्यायचं तर खाली सही कुणाची घ्यायची? तुम्ही पार्ट टाइम. डेटा एंट्रीला आहात.”

मी म्हटलं, “मग तुम्ही करा सही.”

“मी कशी करू? उद्या वरून विचारलं, आठ बिंदूंचा नियम कुठून आणला, तर मी काय सांगू?”

इथं सगळं अडून बसलं. ज्याला सही करता येत होती त्याला नियम माहीत नव्हता, आणि जिला नियम माहीत होता तिला सही नव्हती. आम्ही दोघं चहा प्यालो. रिंग फ्रेम चालू राहिली. पुढं त्या फ्रेमचं काय झालं ते मला कळलं नाही. मुलाला गोवर आला आणि माझं काम सुटलं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की आहे. अर्धवेळ बाईला कमी पैसे मिळतात, ते हिशेबाचं आहे. चार तासांचे चार तासांएवढे मिळाले तर माझी तक्रार नाही. पण कामाचे तुकडे पाडताना निर्णयाचा तुकडा कुणी पाडत नाही. आकडे भरणं अर्धं करता येतं, आकड्यांचा अर्थ लावणं म्हणे अर्धं करता येत नाही. का येत नाही? कोल्हापूरच्या एका वित्तसंस्थेत मी मुलाखतीला गेले होते. कर्ज बुडण्याचा अंदाज बांधायला त्यांना सांख्यिकीचं माणूस हवं होतं. रोज चार तास देते म्हटल्यावर समोरच्या तरुणानं विचारलं, “मग बॅक ऑफिसला चालेल?” पदवी तीच, डोकं तेच, बाई तीच. तास कमी झाल्याबरोबर माझी सांख्यिकीही कमी झाली. आणि हे सांगणाऱ्या साहेबांचा अख्खा दिवस मीटिंगांत जातो. खरा विचार तेही दिवसाला चार तासांच्या वर करत असतील असं मला वाटत नाही.

सासूबाईंनी मग मला त्यांच्या मागं यायला सांगितलं. सातवी शिकलेल्या त्या. ऐंशीच्या दशकापासून त्यांची एजन्सी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर जिने चढवेनात. त्यांची जुनी खाती मुदत संपेल तशी बंद होत गेली, नवी माझ्या एजन्सीतून उघडली. मला वाटलं होतं, हप्ते गोळा करणं म्हणजे पायपीट, त्यात काय शिकायचं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, महिन्याच्या एक तारखेला कांडीवालीच्या दारात कशाला जातेस? तिचा पगार आठवड्याला. एक तारखेला तिच्याकडं असतं ते उधारीचं पुस्तक.”

यंत्रमागाच्या गावात बहुतेकांच्या हातात आठवड्याला पैसे येतात. मागवाला, कांडी भरणारी, वहिफणी करणारी. पोस्टाचा हप्ता मात्र महिन्याला. हप्ता चुकला की शंभराला महिन्याला एक रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं खंडित, आणि पुढच्या दोन महिन्यांत सावरलं नाही तर संपलंच. म्हणून सासूबाई दर आठवड्याला थोडे थोडे घ्यायच्या, वहीत लिहायच्या आणि महिनाअखेर हप्ता भरायच्या. त्यांच्याकडं खंडित खाती जवळजवळ नसतच.

आता मला माझा विषय सापडला. एम.एस्सी.ला सर्व्हायव्हल अॅनालिसिस नावाचा पेपर होता. एखादी घटना किती काळानं घडते त्याचा अभ्यास: रुग्ण किती काळ जगतो, दिवा किती तास जळतो. जो रुग्ण अभ्यास सुरू असताना गाव सोडून जातो त्याला मेला म्हणायचं की जगला? त्याला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात, आणि त्याची माहिती वाया न घालवता हिशेब कसा करायचा ते कॅप्लान आणि मायर या दोघांनी १९५८ साली दाखवून दिलं. माझी खाती तशीच. काही मुदत पुरी करतात, काही मधेच मरतात, काहींचे मालक कर्नाटकात परत जातात. मी सासूबाईंच्या वह्यांसकट सगळी खाती आलेखाच्या कागदावर चढवली. रात्री, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

मला वाटत होतं, मोठा हप्ता असलेले दुकानदार टिकतील, शंभर-दोनशेवाल्या बायका गळतील. झालं उलटंही नाही. रकमेनं फारसा फरकच पडत नव्हता. फरक पडत होता वसुलीच्या दिवसानं. पैसे हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिच्याकडं जाते तिचं खातं जगतं; आठवड्यानं जाते तिचं मरतं. जूनमध्ये शाळेच्या खर्चानं घळ पडते, आणि सुताचा भाव चढून मागाला मंदी आली की त्यानंतर महिना-दीड महिन्यानं. म्हणजे मागाचा आवाज कमी झाल्यावर सावध व्हायला मला महिनाभर मिळतो. तेवढ्यात मी लोकांना हप्ता कमी असलेलं दुसरं खातं उघडायला सांगते, किंवा वर्षभर हप्ते भरलेले असतील तर त्यावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं याची आठवण करून देते, नाहीतर ते सावकाराकडं जातात.

“वैनी, तुमास्नी कसं कळतंय हो आमचं आदीच?” एक कांडीवाली एकदा म्हणाली. “घरात नवऱ्याला पत्त्या न्हाई अजून.”

हा आलेख मी अल्पबचतीच्या एका बैठकीत नेला होता. साहेबांनी हातात धरला, “छान, छान,” म्हणाले, आणि लगेच विचारलं, “मार्चएंडचं टार्गेट किती धरू तुमचं?” मी आकडा सांगितला. आलेख पिशवीत ठेवला. त्या माणसाचं चुकलं असं नाही. त्याच्या फॉर्ममध्ये आलेखासाठी जागाच नव्हती.

फॉर्मवरून आठवलं. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा, पी.एल.एफ.एस.चा, माणूस एकदा आमच्या घरी आला होता. २०१७ पासून हे सर्वेक्षण चालतं. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, अर्थशास्त्राचा एम.ए., आणि स्वतः कंत्राटी. माझ्याच विषयाचं काम, त्यामुळं मी उत्साहानं उत्तरं दिली. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असलं, तरी चालू साप्ताहिक स्थितीनुसार तुम्ही रोजगारात. मी ‘स्वयंरोजगार’ या खान्यात गेले. शेजारच्या घरातली बी.एड. झालेली बाई जर त्या आठवड्यात शिकवण्या न घेता घरीच असती, तर ९२ क्रमांकाच्या खान्यात गेली असती: फक्त घरकाम. शिक्षणाचा रकाना आणि व्यवसायाचा रकाना त्याच ओळीत असतात. पण पेपरात छापून येतो तो बेरोजगारीचा दर. त्या दोन रकान्यांमधलं अंतर कधी पहिल्या पानावर आलेलं मी पाहिलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनं १९९८ मध्येच हे दोन प्रश्न वेगळे केले होते: एक, ज्याला आणखी तास हवेत पण मिळत नाहीत, दुसरा, ज्याचे तास ठीक आहेत पण कौशल्य वाया जातंय. पहिल्याचं मोजमाप त्यांनी ठरवलं. दुसऱ्याचं मोजणं अवघड म्हणून पुढं ढकललं गेलं.

मी त्या मुलाला विचारलं, “तुमच्या एम.ए.चं काय होतंय या कामात?” तो हसला. “मॅडम, हा प्रश्न टॅबमध्ये नाही.”

वेळ कुठं जातो हेही सरकारनं मोजलंय. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आली, पुरुषांची ९७. माझ्या पेशातल्या माणसाला इथं थांबून एक गोष्ट सांगावीच लागते: ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे, आणि पुरुषांत असे २६ टक्के, बायकांत ८१. सगळ्या पुरुषांवर ती वाटून टाकली तर अर्ध्या तासाच्याही खाली येईल. तेव्हा ‘तुम्ही पूर्णवेळ का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं मागण्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडं तरी मागायला हवं.

बाकावरच्या इतरांचं सांगते. एलएल.बी. झालेली आमची ताई अख्ख्या पोस्टाची वकील आहे. वारसनोंद राहिलेलं खातं, नवरा-बायकोच्या भांडणात अडकलेलं पासबुक, मृत्युपत्राचा मसुदा. सगळं ती बाकावर बसून, यादीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून देते. फुकट. फी घ्या म्हटलं तर म्हणते, “सनद घेतली नाही, फी कुठल्या तोंडानं घेऊ?” गेल्या वर्षी धाकट्याचं लग्न झाल्यावर तिनं सनदेचा अर्ज केला. आता तालुक्याच्या कोर्टात तिच्या मुलाच्या वयाच्या वकिलांबरोबर उभी राहते.

पण खरी गोष्ट बी.फार्म.वालीची. औषधाचं दुकान नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच चालवावं लागतं. तिचं प्रमाणपत्र शेजारच्या गावातल्या एका मेडिकलमध्ये भिंतीवर काचेत लावलेलं होतं. ती स्वतः नव्हे, प्रमाणपत्र. दुकानदार दरमहा तिच्या खात्यात ठराविक रक्कम टाकायचा, आणि ती आमच्याबरोबर पोस्टात. तिच्या घरी सगळे खूश: घरबसल्या पगार. मी तिला म्हणायची, “तुझं बरं आहे. मला डोकं आहे, सही नाही. तुझी सही कामाला जाते, तू घरी.” ती चिडायची. चिडण्यासारखंच होतं. तिच्या सहीखाली कुणीतरी बारावी नापास पोरगा अँटिबायोटिक विकत होता, आणि काही बरंवाईट झालं असतं तर पकडली ती गेली असती.

करोनात तिचा फोन दिवसभर वाजायचा. गल्लीतली माणसं व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोळ्यांच्या याद्या तिला पाठवून विचारायची, घेऊ का. हिला शुगर, त्याला किडनीचा त्रास. ही सगळ्यांना नीट सांगायची. ते दिवस संपल्यावर ती त्या दुकानदाराकडं गेली आणि म्हणाली, प्रमाणपत्र लावायचं असेल तर संध्याकाळी पाच ते नऊ मीही बसणार. नाहीतर काच उतरवून द्या. तो म्हणाला, बसायला माझ्याकडं माणसं आहेत, मला लायसन्स हवंय. ही म्हणाली, मग बाकीच्या वेळेला दुसरा फार्मासिस्ट ठेवा, माझ्या चार तासांत माझ्या सहीला मीच जबाबदार. बरीच हुज्जत झाली. शेवटी तपासणीच्या भीतीनं त्यानं मान्य केलं.

आता ती रोज पाचला तिथं असते. एच-वन यादीतल्या औषधांचं रजिस्टर, जे २०१४ पासून सक्तीचं आहे आणि त्या दुकानात कोरं होतं, ते तिनं सुरू केलं: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही. दोन डॉक्टरांच्या गोळ्या एकमेकींशी भांडतात असं दिसलं तर चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावते. म्हातारी माणसं मुद्दाम पाचनंतर येतात आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्या काउंटरवर ओततात. गेल्या महिन्यात मी तिथं वसुलीला गेले होते, दुकानदाराची दोन हजारांची आर.डी. माझ्याकडंच आहे. त्यानं हप्ता मोजून दिला, मी कार्डावर सही केली, आणि तो तिच्याकडं डोळ्यानं दाखवत हळूच म्हणाला, “वैनी, संध्याकाळचा गल्ला पार बसला की हो. ह्यापेक्षा नुसतं सर्टिफिकेटच बरं होतं.”